साळवे सरांचं भिंग आणि आत्याबाईंचं माणिक

साळवे सरांची आणि आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याचा हात धरला आणि सोडलाच नाही.

आम्ही मुकुंदवाडीतल्या या गल्लीत त्याच दिवशी राहायला आलो होतो. टेम्पोतून गाद्या उतरत होत्या. समोरच्या घरातून एक उंच, वाळकुडे गृहस्थ चपला फटफटवत आले. दिलीपनं रीतीप्रमाणं हात पुढं केला. गृहस्थांनी तो धरला, उलटा केला, गळ्यात बुटाच्या लेसला बांधलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि दिलीपच्या बोटातला पुष्कराज थेट नाकाजवळ नेला. दिलीप माझ्याकडं बघायला लागला. टेम्पोवाला डोक्यावर गादी घेऊन तसाच उभा.

"पोरगी कितवीला?" गृहस्थांनी भिंग न काढता विचारलं.

"बारावीला," मी म्हटलं.

"मंग खडा पोरीहून लहान हाय. कारखान्यातला. आत बुडबुडा हाय." त्यांनी हात परत केला. "मी साळवे. समोरच राहतो. पाणी भरून घ्या आधी, आज नळाला दाब बरा हाय."

दिलीपचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तो पुष्कराज त्याला एका ज्योतिष्यानं गुरुबळासाठी दिलेला. त्यानं चार दिवस विचार केला आणि मग समोर जाऊन मुद्दा काढला, "पण सर, खडा घातल्यावर मला प्रमोशन मिळालं की."

"मिळणारच," सर म्हणाले. "गुरूजवळ भिंग कुठं हाय ओ?"

साळवे सर भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. शहरातल्या एका कॉलेजात त्यांनी सारी नोकरी काढली. आपल्याकडं जमिनीखाली काळा कातळ सोडून दुसरं काही नाही अशी माझी समजूत होती, आणि ती मी एकदा त्यांच्यासमोर बोलून दाखवली. त्यावर मला त्या काळ्या कातळाबद्दल जे ऐकावं लागलं त्यात माझी आमटी करपली. रत्नं पारखायचं त्यांनी नोकरीत असतानाच जयपूरला जाऊन शिकून घेतलेलं. का शिकलात म्हणून विचारलं तर म्हणतात, "उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं काय मंग?"

त्यांच्या पत्नी, कुसुमताई, आम्ही इथं येण्याआधीच गेल्या. मुलगा बेंगळुरूला असतो. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा सर मोबाईल अशा कोनात धरतात की त्या बिचाऱ्याला बापाऐवजी पंखा दिसावा. घरात बुद्धाची एक मूर्ती, दगडांनी भरलेलं काचेचं कपाट, आणि ओट्यावर दोन खुर्च्या. त्यातल्या एकीवर सर बसतात. दुसरीवर दुपारी कोणी ना कोणी तरी असतं, कारण खडे पाहायची वेळ दुपारचीच. "उन्हात नाय, ट्यूबखाली तर नायच नाय. उत्तरेचा उजेड पाह्यजे, अन् त्यो बी दुपारचा," असा त्यांचा दंडक. माझी शाळा सकाळची. दुपारी मी खिडकीशी वह्या तपासत बसते. मी डोकावत नाही. खिडकीच तिकडं उघडते, त्याला मी काय करणार?

तर त्या दुसऱ्या खुर्चीवर कोण कोण येऊन जायचं ते मी पाहिलंय. नीलम घालावा का म्हणून घाबरलेला बिल्डर. सासरच्यांनी दिलेला पाचू पर्समध्ये रुमालात बांधून आणणारी नवी नवरी. एक रिक्षावाले चाचा तर आपल्या बोटातला लाल खडा दर सहा महिन्यांनी दाखवायचे. "क्या सर, असली है ना?" सर म्हणायचे, "असली है. लेकिन खदान का नहीं." चाचा मान डोलवून जायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचे, तोवर खडा खाणीत जाऊन आला असेल अशा आशेनं.

आपल्याला खड्याचे दोनच प्रकार माहीत, खरा आणि खोटा. सरांचे तीन. हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की आता मी झोपेतही सांगीन.

"काच म्हंजे खोटा. त्याच्याशी आपलं काय काम नाय. ऱ्हायले दोन. एक खाणीतला, एक कारखान्यातला. अन् कारखान्यातला बी खराच असतो, वहिनी. तोच माल, तोच रंग, तेवढाच कडक. जमिनीला जे करायला कोट्यवधी वर्षं लागली, ते भट्टीनं दुपारच्या जेवणाआधी उरकलं, एवढाच फरक."

"मग किंमत का वेगळी?"

"लोक वयाचे पैसे देतात."

दोन्हींत फरक ओळखायचा कसा, तर आत डोकवायचं. खाणीतल्या खड्याच्या पोटात काय काय सापडतं. बारीक सुया, धूर धरल्यासारखे डाग, बुजलेल्या भेगा. आत रेघा असल्या तर त्या सरळ असतात आणि कोपरा करून वळतात. जुन्या पद्धतीच्या भट्टीतल्या खड्यात रेघा असतात त्या गोलाकार, आणि एखाददुसरा बुडबुडा. नाही तर तो अगदी साफ असतो, आत काहीच नाही. आणि नेमकं हेच सरांना खटकतं. ते भिंग खाली ठेवतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "लई स्वच्छ हाय."

हे "लई स्वच्छ हाय" खड्यापुरतं राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. सर भाजी आणायला जातात आणि गुळगुळीत, चकचकीत वांगी बाजूला सारून भोकं पडलेली शोधतात. भाजीवालीनं त्यांच्यासाठी किडकी वांगी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली आहे, आणि ती त्यांना पुरा भाव लावते. नवं हॉटेल उघडलं आणि टेबलावर डाग नसला की सर उठून येतात. माझ्या शाळेतल्या एका मुलाचा निबंध मी त्यांना कौतुकानं दाखवला. एक चूक नाही, एक खाडाखोड नाही. सरांनी ओळ वाचली, दुसरी वाचली, वही परत दिली. "लई स्वच्छ हाय. पोरानं नाय लिहिलेला." दुसऱ्या दिवशी पोरानं कबूल केलं, मोबाईलनं लिहिला म्हणून. मला त्या निबंधाचं वाईट वाटलं नाही. सरांचं बरोबर निघालं याचं वाटलं, कारण नंतर आठवडाभर ते मला ऐकवत होते.

गल्लीतल्या एका घरच्या साखरपुड्यात तर त्यांनी कहर केला. नवरीच्या बोटात अंगठी गेली, टाळ्या झाल्या, सर आशीर्वाद द्यायला वर गेले आणि हात धरून बसले. मी दिलीपला म्हटलं, आता बघ. सरांनी भिंग काढलं. मांडवात जेवढे लोक होते तेवढ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात ते म्हणाले, "नीलम छान हाय. कारखान्यातला हाय." नवऱ्या मुलाची आई खुर्चीतून उठली. पुढचा तासभर सर प्रत्येकाला अडवून सांगत होते, "खोटा नाय म्हटलं मी. कारखान्यातला म्हटलं. नीट ऐकत जा." लग्न झालं, सुखात आहेत दोघं. पण तेव्हापासून गल्लीतल्या कार्यांत सरांना जेवणाच्या बाजूला बसवतात, स्टेजच्या बाजूला नाही.

एकदा फुलंब्रीकडचे एक शेतकरी एसटीनं गमछ्यात बांधून काही तरी घेऊन आले. विहीर खोदताना कातळात पोकळी लागली होती आणि तिच्यात लखलखणारे स्फटिक. गावात हिरे निघाल्याची बोंब झालेली. सरांनी गाठोडं सोडलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला की त्या माणसाला वाटलं, झालं, आपलं काम झालं. "हिरे नायत," सर म्हणाले. "झिओलाइट म्हंत्यात याला. आपल्या कातळाच्या पोटातच असतं हे." माणूस हिरमुसला. सर मात्र तासभर ते स्फटिक उलटेपालटे करत त्याला सांगत राहिले, की हे बघा, ही कड तुटलेली, इथं माती धरलेली, एकसुद्धा स्वच्छ नाय, किती बेस. जाताना त्या माणसानं मोठा तुकडा त्यांनाच देऊन टाकला. तो कपाटात मधोमध आहे.

हिऱ्याच्या बाबतीत मात्र सरांनी हात टेकलेत. हल्ली शहरात कारखान्यातल्या हिऱ्यांची दुकानंच निघाली, पाटी लावून विकतात. हिरा दाखवला की सर भिंगाला हातही लावत नाहीत. "इथं मी अंगठाछाप. याला मोठी मशीन लागती, प्रयोगशाळेत न्या." न येणाऱ्या गोष्टीला न येणं म्हणायला त्यांना काही वाटत नाही. पण या हिऱ्यांनी आणि खड्यासोबत मिळणाऱ्या सर्टिफिकेटांनी एक केलं, सरांची दुसरी खुर्ची बहुतेक दुपारी रिकामी राहायला लागली. रिक्षावाले चाचाही मुलाकडं राहायला गेले. सर एकटेच भिंग लावून तूरडाळ निवडत बसायचे.

आता आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. गंगापूरकडच्या. घरचा ऊस, घरच्या म्हशी, दारात माणसांचा राबता, अशा घरात सगळं आयुष्य गेलेलं. मामंजी गेल्यावर दिलीपनं त्यांना इथं आणलं आणि त्या गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवू लागल्या. पाणी पचत नाही, पोळी कडक होते, शेजारी बोलत नाहीत. साळवे सरांना त्या लांबूनच ओळखायच्या. "समोरचा दगडाचा मास्तर," म्हणायच्या. त्यांच्याकडं जायचा कधी विषयच नाही. का नाही, ते मला ठाऊक होतं आणि सरांनाही असावं. आत्याबाईंच्या गावात सरांच्या समाजाची वस्ती गावाबाहेर. तिकडच्या माणसांच्या घरचं पाणी पिणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि म्हातारपणी सुरू करायचा त्यांचा विचार नव्हता.

आत्याबाईंजवळ एक माणिक आहे. त्यांच्या आईचं. जुन्या घडणीची सोन्याची अंगठी, त्यात डाळिंबाच्या दाण्याएवढं लालबुंद माणिक. "निजामाच्या काळातलं, हैदराबादेहून आणलेलं," हे आमच्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. माणिक ऋतुजाला, माझ्या मुलीला, तिच्या लग्नात द्यायचं, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. ऋतुजाचं शिक्षण झालं, लग्न जमलं. बोलणी झाली, आत्याबाईंनी मोठ्या तोऱ्यात डबी उघडून अंगठी दाखवली. होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या, "छान आहे हो. खरं आहे ना?"

त्या सहज बोलल्या असतील. पण आत्याबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्या मास्तरला दाखव. त्याच्या तोंडून विहीणबाईला ऐकू दे. सगळ्यांचं खोटं काढतो ना तो."

मी चरकले. मी म्हटलं, राहू द्या ना, कशाला. पण त्या ऐकायच्या नाहीत. बरं, अंगठी माझ्याकडंही देईनात. "मी स्वतः बसते तिथं. डोळ्याआड करायची नाय मी."

दुसऱ्या दुपारी मी त्यांना घेऊन समोर गेले. सरांनी खुर्ची पुसली. "या आक्का." अंगठी घेतली, कपड्यानं पुसली, उजेडात धरली, भिंग लावलं. सरांना फार वेळ लागत नाही, हे मला इतक्या दुपारी पाहून माहीत होतं. त्यांनी भिंग काढलं. आत्याबाईंकडं पाहिलं. पुन्हा लावलं.

"याला वेळ लागंल," ते म्हणाले. "उजेड गेला आता. उद्या या."

उजेड चांगला लख्ख होता. पण आत्याबाई उठल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मग तिसऱ्या. रोज जेवण झालं, वामकुक्षी झाली की पदर सावरून, डबी मुठीत घेऊन त्या गल्ली ओलांडायच्या. सर रोज काही तरी नवं काढायचे. आज ही बाजू पाहिली, उद्या ती. आज ढग आहे. आज पाण्यात बुडवून पाहू. पाण्यात बुडवायला कुसुमताईंची काचेची वाटी निघाली. आत्याबाई डोळ्यांत तेल घालून वाटीकडं बघत बसायच्या.

सर पहिल्या दिवसापासून दोन कप चहा करायचे. आत्याबाई म्हणायच्या, "आत्ताच घेऊन आले." घेतलेला नसायचा. सर तरी कप त्यांच्यासमोर ठेवायचे, आणि निवला की स्वतःच पिऊन टाकायचे. असं किती तरी दिवस चाललं. मला खिडकीतून ते बघवायचं नाही, आणि मध्ये पडून काय बोलावं तेही कळायचं नाही.

मग एके दुपारी मी मान वर केली तर कप आत्याबाईंच्या हातात होता, बशीत ओतून फुंकर मारणं चाललं होतं. त्या घरी आल्यावर मला राहवलं नाही. "चहा घेतलात वाटतं सरांकडं?"

"साखर कमी टाकतो मास्तर," त्या म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या. दुसऱ्या दिवशी जाताना डबीसोबत साखरेची पुडी होती.

तिथून पुढं दोघांच्या गप्पांना ऊत आला. आत्याबाई पुरात गोदावरी कुठवर चढायची ते सांगायच्या, सर नदीखालचा कातळ कसा आहे ते सांगायचे, आणि दोघांना वाटायचं आपण एकाच विषयावर बोलतोय. "मास्तर नाय आक्का, प्राध्यापक," सर सुरुवातीला म्हणायचे. आत्याबाई म्हणायच्या, "शिकवत होतास ना? मंग मास्तरच." पुढं त्यांनी दुरुस्त करणं सोडून दिलं. आत्याबाईंनी त्यांच्या कपाटातली धूळ काढली, लोणच्याची बरणी नेऊन ठेवली, मुलाचा कॉल आला की मोबाईल कसा धरायचा ते शिकवलं. त्या स्वतः ऋतुजाकडून कालच शिकल्या होत्या. त्या रविवारी बेंगळुरूच्या मुलाला बाप पूर्ण दिसला, आणि बापाच्या खांद्यामागून माझी सासू.

सरांनी त्यांना भिंग धरायला शिकवलं तेव्हा मात्र माझे हाल सुरू झाले. भिंग नसतानाही त्या सगळ्याकडं भिंगातून बघायला लागल्या. दुकानातली डाळ, "लई स्वच्छ हाय, पॉलिशची दिसती." माझी फरशी, "लई स्वच्छ हाय, बाई लावली काय नवीन?" एकदा होणारा जावई, प्रणव, जेवायला आला. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, ताटात काही न टाकणारा. तो गेल्यावर आत्याबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "पोरगं लई स्वच्छ हाय." ऋतुजा दोन दिवस आजीशी बोलली नाही.

पण लग्न जवळ आलं आणि माझा धीर सुटला. पत्रिका वाटून झाल्या, विहीणबाईंनी दोनदा फोनवर अंगठीचं विचारलं, आणि इकडं निकालच नाही. आत्याबाईंना विचारलं की म्हणायच्या, "चाललंय त्याचं." शेवटी एका सकाळी, शाळेला सुट्टी होती, त्या आंघोळीला गेलेल्या बघून मी समोर गेले.

"सर, खरं सांगा. काय आहे ते?"

सरांनी दगडांच्या कपाटाकडं पाहिलं. "कारखान्यातलं," ते म्हणाले. "त्या काळात बी बनायचं, वहिनी. निजामाच्या राज्यात यायचं बाहेरून. लोकांना वाटतं आजीच्या काळचं म्हंजे खाणीतलंच. आत गोल रेघा हायत, जुन्या गाण्यांच्या तबकडीवर असतात तशा. दोन बुडबुडे बी हायत."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच दिवशी."

मला राग आला. लग्न तोंडावर, आणि हा माणूस आमच्या म्हातारीला रोज उन्हातून बोलावतोय. मी तसं म्हणालेही. ते ऐकून घेत उभे राहिले. मग कप धुवायला घेतले, दोन्ही कप, आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "सांगितलं असतं तर अंगठी घेऊन गेल्या असत्या. दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या. कुसुम गेल्यापासून दुसरा कप फळीवरून खाली उतरला नव्हता, वहिनी. आता उतरतो. मला करमतं आता. अन् असं सांगायचं म्हंजे, आईची वस्तू हाय त्यांची. मांडवात बोललो तसं बोलायला जीभ रेटली नाय."

मी म्हटलं, "मग खाणीतलं आहे म्हणून सांगा ना. कोण तपासायला येणार आहे?"

"ते नाय जमायचं," ते म्हणाले. "उशीर करीन. खोटं नाय सांगणार. आज दुपारी सांगतो."

दुपारी मी मुद्दाम आत्याबाईंबरोबर गेले. सरांनी भिंग लावलंच नाही. डबी त्यांच्या हातात परत दिली आणि उभं राहून, वर्गात बोलावं तसं नव्हे, अगदी हळू बोलले. "आक्का, माणिक कारखान्यातलं हाय. खोटं नाय. पण खाणीतलं नाय."

मी आत्याबाईंचा हात धरायला तयार होते. त्यांनी डबी कमरेला खोचली. "व्हय," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय."

सर खाली बसले. मीही.

"माझं लगीन झालं तवाच सराफानं सांगितलं हुतं. आईला बी ठावं हुतं. तिनं मरंस्तवर हैदराबादेचं म्हणून मिरवलं, मी बी मिरवलं."

"मग आत्याबाई, इतके दिवस रोज कशाला येत होता?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असावा.

"आधी रागात बोलून बसले, मंग मास्तरला सापडतं का बघत हुते," त्या म्हणाल्या. मग सरांकडं न बघता, "अन् तुमच्या घरी दुपारची बोलते कुणाशी मी? तू वह्यांत तोंड घालून बसती."

सर चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

लग्न पार पडलं. अंगठी देताना आत्याबाईंनी स्वतःच विहीणबाईंना सांगितलं, "कारखान्यातलं हाय बरं का. आमच्या प्राध्यापकांनी तपासलंय. माझ्या आईच्या हातात हुतं, म्हणून द्यायलेय." सरांना त्या दिवशी स्टेजच्या बाजूला, पहिल्या रांगेत बसवलं होतं, आत्याबाईंच्या हुकुमानं. ऋतुजाला आशीर्वाद देताना त्यांनी तिचा हात धरला, अंगठीकडं पाहिलं आणि भिंग शर्टाच्या आत सारलं. "फार छान हाय," एवढंच म्हणाले. प्रणवच्या शेरवानीवर आमटीचा डाग पडला होता, तोही त्यांना पसंत पडला.

पाहुणे गेले, ऋतुजा गेली. घर गिळायला उठलं. पहिल्या दुपारी आत्याबाई गॅलरीत बसल्या, आत आल्या, पुन्हा बसल्या. समोर सर ओट्यावर होते, दुसरी खुर्ची पुसून ठेवलेली. आता डबी नव्हती. काही निमित्तच नव्हतं. कोणी कोणाला हाक मारली नाही. मी वही उघडून बसले होते आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आत्याबाई त्यांच्या ट्रंकेत काही तरी शोधत बसल्या. बांगड्या, बिल्ले, जुने मणी, सगळं खाटेवर आलं. शेवटी त्यांना हवं ते मिळालं. नाकातली एक चमकी. जत्रेतली. मी ती ओळखत होते. ऋतुजा लहान असताना बाहुलीला घालायची. खडा इतका घासलेला की चमकायचाही थांबला होता.

त्या पदर सावरून गल्ली ओलांडून गेल्या. मी खिडकीशी होते, ऐकू येत होतं.

"मास्तर, ही बघा जरा. माझ्या आजेसासूची हाय."

सरांनी चमकी तळहातावर घेतली. काच आहे हे माझ्या खिडकीतून दिसत होतं. त्यांनी ती कपड्यानं पुसली, उत्तरेच्या उजेडात धरली, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"बसा आक्का," ते म्हणाले. "याला वेळ लागंल."

"मला कुठं घाई हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि साखरेची पुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली.